कपाचा कान

आमच्या उस्मानपुऱ्यातल्या घराला चार खिडक्या आहेत. त्यांपैकी तिघींतून ऊन येते, धूळ येते आणि स्टेशनकडे धावणाऱ्या रिक्षांचा आवाज येतो. चौथी खिडकी उत्तरेची. मृगाच्या आगेमागचे थोडे दिवस सोडले, तर तिच्यातून ऊन म्हणून आत येत नाही. येतो तो नुसता उजेड. ऊन आणि उजेड हे दोन अगदी वेगळे पदार्थ आहेत, ही गोष्ट मला वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी कळली. तोवर मी त्या खिडकीत वह्यांचे गठ्ठे ठेवीत असे.

हे ज्ञान मला झाले ते ताईमुळे. ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी. भावजी गेल्यावर ती मुलाला घेऊन जालन्याहून आमच्याकडे राहायला आली, आणि पन्नाशीच्या उंबरठ्यावर एका बाईंच्या वर्गात जाऊन मातीकाम शिकली. मागच्या ओसरीत चाक आले, मग कपाटाएवढी विजेची भट्टी आली. नळाला पाणी यायचा दिवस आमच्या शहरात सणासारखा असे. पण त्या दिवशीही पहिली बादली मातीला जाऊ लागली. घरात कप, वाडगे, छोट्या बरण्या यांची रांग लागली. भट्टीचा दिवस असला की माझ्या बायकोने स्वयंपाक लवकर उरकायचा, कारण भट्टी आणि मिक्सर एकदम चालले की घर अंधारात जाते.

मला मातीकामातले काही कळत नाही. मी शाळामास्तर. शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, म्हणजे आजच्या भाषेत दहावी. तीन कादंबऱ्या लिहिल्या, त्याही शाळा सुटल्यावर. पण ताईचे काम पाहून एवढे समजले, की माती ही फार मानी वस्तू आहे. ओला कप वाळून, भाजून निघेपर्यंत दहा-बारा टक्के आटतो. पहिली भाजणी हजार अंशांच्या आसपास, मग झिलई द्यायची आणि दुसरी भाजणी बाराशेच्या वर. या आटण्यात प्रत्येक भाग सारख्या चालीने आटला तर ठीक. कपाचा कान जर अंगापेक्षा ओला असताना जोडला, तर तो अंगापेक्षा जास्त आटतो आणि सांध्याशी ओढ पडते. मग तिथे चीर जाते. कधी ती डोळ्यांना दिसते. कधी झिलईखाली दडून बसते, आणि वरून पाहणाऱ्याला वाटते, रंगाचीच एखादी रेघ असेल.

या रेघेची गोष्ट मला सांगायची आहे. पण त्याआधी फोटोंविषयी सांगितले पाहिजे.

ताईचे कप विकायचे ठरले तेव्हा भाच्याने सांगितले, की आता दुकान मोबाईलमध्ये असते. माणसे फोटो पाहून घेतात, वस्तू नंतर पाहतात. फोटो काढायचे काम माझ्याकडे आले. त्याला कारण होते. मॅट्रिक झाल्यावर मास्तरकी मिळेपर्यंत दोन वर्षे मी एका फोटो स्टुडिओत उमेदवारी केली होती. तिथे माझे मुख्य काम निगेटिव्ह दुरुस्त करण्याचे. चेहऱ्यावरचा काळा डाग निगेटिव्हवर फिका दिसतो. खालून उजेड सोडून, भिंगातून पाहत, टोकदार पेन्सिलीने त्या फिक्या जागेवर बारीक बारीक ठिपके द्यायचे. छापताना डाग नाहीसा होतो. बहुतेक फोटो लग्नाळू मुलींचे. देवीचे व्रण, मुरमांच्या खुणा, डोळ्यांखालची काळजी — सगळे मी पुसत असे. मालक म्हणत, "मास्तर, आपण मुलींचे कल्याण करतो." त्या वेळी मी मास्तर झालो नव्हतो, पण मला चष्मा होता. त्या दोन वर्षांत घरचेही एक काम मी केले. ते पुढे सांगतो.

ताईच्या कपांचे पहिले फोटो मी रात्री ट्यूबलाइटखाली, जेवणाच्या टेबलावर काढले. ते पाहून ताई काही बोलली नाही. पदराने हात पुसत उठून गेली. निळा कप राखेच्या रंगाचा दिसत होता, आणि झिलईवर ट्यूबची लांबलचक पांढरी काठी उमटली होती. मागे लोणच्याची बरणी होती, ती मात्र झकास आली होती.

मग मी उत्तरेच्या खिडकीकडे वळलो. वह्या हलवल्या, टेबल खिडकीला आडवे लावले. शाळेतून ड्रॉइंगचा मोठा पांढरा कागद आणला. त्याचे एक टोक भिंतीला चिकटवून तो हलक्या वळणाने टेबलावर सोडला, म्हणजे कपामागे भिंत आणि टेबल यांची सांध्याची रेघ दिसत नाही आणि कप नुसत्या उजेडात उभा राहिल्यासारखा दिसतो. खोलीतले दिवे बंद केले, कारण दिव्याचा पिवळा आणि आकाशाचा निळा उजेड एकत्र आले की मोबाईल गोंधळतो आणि दोघांनाही न्याय देत नाही. खिडकीच्या विरुद्ध बाजूला जुन्या मखरातली थर्माकोलची पाटी उभी केली; तिच्यावरून परतलेला उजेड कपाच्या अंधाऱ्या गालावर पडला. तरीही निळ्यात कुठेशी लाली येत होती. दोन दिवस कारण सापडेना. शेवटी बाहेर पाहिले तर शेजाऱ्यांनी दिवाळीसाठी भिंत गुलाबी रंगवलेली! खिडकीला बायकोचे जुने पांढरे पातळ लावले, तेव्हा ती गुलाबी पाहुणी बाहेर राहिली. आणि झिलईवर खिडकीच्या गजांचे जे प्रतिबिंब पडत होते, तेही विरघळून मऊ झाले.

हळूहळू आणखी युक्त्या सापडल्या. मोबाईल कपाच्या अगदी जवळ नेला तर कपाचे तोंड फाकते आणि बूड निमुळते होते. म्हणून दोन पावले मागे सरकावे आणि मग चित्र मोठे करून घ्यावे. पांढऱ्या कागदापुढे मोबाईल बावचळतो. एवढा पांढरेपणा त्याला खरा वाटत नाही, तो सगळेच करडे करून टाकतो. त्याला मुद्दाम सांगावे लागते, की बाबा रे, थोडा उजेड वाढव. वाडग्याचे पोट दाखवायचे तर वरून पाहावे. कपाची बांधणी दाखवायची तर डोळा कपाच्या कमरेइतका खाली आणावा. गुडघे टेकून, एक डोळा मिटून बसलेला मी पाहून बायको म्हणे, "देवापुढे कधी इतका वेळ बसला नाहीत."

फोटो चांगले येऊ लागले. नाशिकहून, पुण्याहून, सांगलीहून मागण्या आल्या. ताईच्या चेहऱ्यावर भावजी गेल्यानंतर प्रथमच मी एक प्रकारची घाई पाहिली. ज्याची वाट पाहणारे कुणी आहे अशा माणसाची घाई.

गेल्या दिवाळीच्या आधी नाशिकच्या एका गृहस्थांनी आईच्या पंचाहत्तरीसाठी सहा कपांचा संच मागितला. कोणते सहा ते फोटो पाहून ठरवणार होते. मी एकेक कप खिडकीत ठेवून फोटो काढू लागलो. चौथ्या कपाचा रंग विलक्षण उतरला होता: काठाशी मधासारखा तांबूस, आणि खाली उतरता उतरता निळा. त्याचा कान उजवीकडे ठेवून मी पाहिले. कानाच्या वरच्या सांध्याशी केसाएवढी एक रेघ होती. मोबाईलमध्ये चित्र मोठे केले तेव्हा ती स्पष्ट दिसली. मी कप थोडा फिरवला. रेघ मागे गेली. उजेड नेमका त्या तांबूस काठावर आला आणि मी फोटो काढला. सगळे मिळून एक मिनिटसुद्धा लागले नसेल.

दिवाळी झाली. तुळशीचे लग्न लागले आणि नाशिकहून निरोप आला. फार सभ्य निरोप होता. चहा घेताना एका कपाचा कान हातात राहिला, कप सुटला, आईच्या पायावर चहा सांडला. फारसे भाजले नाही. पैसे परत नकोत. पण कप करणाऱ्या बाईंना कळवावे असे आईचे म्हणणे आहे, म्हणजे पुढच्या वेळी त्यांना काळजी घेता येईल.

ताईने तो निरोप मला वाचून दाखवला. मग विचारले, "तुला दिसली होती का रे चीर? तू तर इतक्या जवळून बघतोस."

मी म्हणालो, "उजेड कमी होता."

उजेडाचे एवढे कौतुक मी आता वर लिहिले, त्यावरून हे उत्तर किती खरे होते हे वाचकांनीच ठरवावे.

त्या रात्री मी स्वतःशी पुष्कळ वाद घातला. माणूस आपली बाजू मांडू लागला की केवढा विद्वान होतो! मी म्हटले, कप गोल असतो. गोल वस्तूचा कोणताही फोटो निम्माच असतो. कोणते तरी अंग मागे राहणारच. ते मागे राहिले म्हणून कोणी फसवले असे होत नाही. पाहुणे येणार म्हणून आपण पलंगपोस बदलतो, फाटकी सतरंजी आत टाकतो. त्याला कोणी कपट म्हणत नाही, आदरातिथ्य म्हणतात. दिवाळीच्या ताटात आपण मोडक्या चकल्या खाली आणि अख्ख्या वर ठेवतो. आणि मी तर कादंबरीकार. ज्या प्रसंगात नायिका शोभून दिसेल तोच प्रसंग लिहितो, जिथे ती कंटाळवाणी असते तिथे प्रकरण संपवतो. वाचक माझ्यावर फिर्याद करतात काय?

वाद चांगला होता. पण पहाटे पहाटे एक साधी गोष्ट लक्षात आली, की कादंबरीतल्या कपातून कोणी चहा पीत नाही.

आणखी एक. मोडक्या चकल्या खाली ठेवणारीला ठाऊक असते, की ताटात हात घालणाऱ्याला त्या लागणारच आहेत, आणि मोडकी चकली लागली म्हणून कोणाचा पाय भाजत नाही. मी कप फिरवला तेव्हा एक निर्णय केला होता. या रेघेचे काय करायचे ते ताईने ठरवायचे नाही, नाशिकच्या गृहस्थांनीही ठरवायचे नाही. ते मी ठरवले. ताईने तो कप विकला तेव्हा तिला रेघ ठाऊक नव्हती. त्यांनी घेतला तेव्हा त्यांना ठाऊक नव्हती. जगात ती ठाऊक असलेला एकच माणूस होता, आणि तो एक डोळा मिटून गुडघ्यांवर बसला होता. जो इतक्या जवळून पाहतो त्याच्याकडे काही गोष्टी ठेव म्हणून येतात. त्या ठेवीचा मी अपहार केला, असे म्हटले तर शब्द मोठा होईल. पण लहान शब्द मला सापडला नाही.

मग मी प्रायश्चित्त म्हणून जे केले ते पहिल्या चुकीहून वेडगळ होते. पातळ काढून टाकले, कागद काढून टाकला. पुढच्या भट्टीतले कप मी ओसरीत, भर दुपारी, फरशीवर ठेवून काढले — समोरून, मागून, उलटे, पालथे. एकेका कपाचे सहा सहा फोटो. प्रत्येक ओरखडा, प्रत्येक ठिपका. ते फोटो पोलीस चौकीत लावावेत असे होते. एकही कप विकला गेला नाही. आणि ताई ते पाहून म्हणाली, "हे माझे कप नाहीतच."

हे वाक्य मी बरेच दिवस चघळत होतो. कारण ते खरे होते. त्या निळ्याला दुपारच्या उन्हाने पांढरेफटक केले होते. काळ्या सावल्यांनी कपांना नसलेले कोपरे दिले होते. हातात घेतल्यावर जो कप थंडगार आणि शांत वाटतो, तो त्या फोटोत आरोपीसारखा उभा होता. म्हणजे वाईट फोटो हा प्रामाणिक असतोच असे नाही. कुरूपतेला आपण उगाचच सत्याचे प्रमाणपत्र देऊन टाकतो. परखड बोलणारा माणूस खरेच बोलतो, अशी जी आपली एक समजूत आहे, तिच्याच जातीची ही समजूत.

अशा मनःस्थितीत मला अजिंठा आठवला. आमच्या शाळेची सहल तिकडे अनेकदा जाते. पूर्वी तिथे विजेचे दिवे नसत तेव्हा लेण्याच्या दारात उन्हात आरसा किंवा चकचकीत पत्रा धरीत. त्यावरचा उजेड आत पांढऱ्या कापडावर पाडीत आणि तिथून तो मऊ होऊन भिंतीवरच्या चित्रांवर पसरे. मेजर रॉबर्ट गिल हा इंग्रज अधिकारी १८४४ सालापासून त्या चित्रांच्या नकला करीत अजिंठ्याला राहिला. त्याच्या बहुतेक नकला १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. याच गिलने अजिंठा-वेरूळचे फोटोही काढले, आणि त्यांचे पुस्तक फर्ग्युसनच्या मजकुरासह १८६४ साली निघाले. त्या काळच्या कॅमेऱ्याला लेण्यातला अंधार म्हणजे केवढे संकट असेल! आता, जो माणूस दारात आरसा धरून उभा राहतो तो काय चित्र खोटे करतो? तो नसता तर भिंत काळीच दिसली असती, आणि काळी भिंत हेच मोठे असत्य झाले असते. उजेड आणणे म्हणजे सजवणे नव्हे. माझे पातळ, माझा थर्माकोल, ताईचा निळा रंग निळा दिसावा म्हणून केलेली ती सगळी धडपड — ती मी उगाच गुन्ह्यात धरली होती. गुन्हा पातळाचा नव्हता. गुन्हा मनगटाचा होता. ज्या मनगटाने कप फिरवला त्याचा.

मडक्यांचे फोटो काढणारी दुसरीही एक जात आहे, ती उत्खनन करणाऱ्यांची. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी घोड नदीकाठी इनामगावला १९६८ पासून १९८३ पर्यंत उत्खनन केले. तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची ती वस्ती. तिथे जोर्वे पद्धतीची भांडी निघाली. तांबड्या अंगावर काळी नक्षी, तोटीची भांडी, कंगोऱ्याचे वाडगे. घराच्या जमिनीखाली लहान मुलांचे दफन दोन रांजण तोंडाला तोंड लावून केलेले सापडले. त्या रांजणांचे फोटो पाहताना जीव कालवतो. पण अशा फोटोंत नेहमी भांड्याशेजारी एक काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची मोजपट्टी असते. एवढ्या करुण वस्तूशेजारी मोजपट्टी! प्रथम मला ते रुक्ष वाटले. आता वाटते, ती पट्टी पाहणाऱ्याला सांगते, की आम्ही तुझ्या भावनेशी खेळणार नाही. हे एवढेच मोठे आहे आणि हे असेच फुटलेले आहे. भांड्याचे रेखाचित्र काढताना तर त्यांची रीत याहून गंमतीची. मधोमध एक उभी रेघ. एका बाजूला भांड्याचे बाहेरचे अंग नक्षीसकट आणि दुसऱ्या बाजूला तेच भांडे कापल्यासारखे, आतली जाडी दिसेल असे. गोल वस्तूचे निम्मेच दिसते, ही माझी सबब त्यांनी किती साध्या तऱ्हेने निकालात काढली आहे!

आणि या जोर्वे भांड्यांविषयी पुरातत्त्वाच्या पुस्तकांत एक शेरा वारंवार येतो: उत्तम भाजलेली, वाजवली असता धातूसारखा नाद देणारी. फोटोत नाद येत नाही, म्हणून तो लिहून ठेवावा लागला.

हे वाचले आणि मला आई आठवली. उन्हाळ्याच्या तोंडी माठ घ्यायला आई कुंभारवाड्यात जाई. माठ फिरवून फिरवून ती पाही, पण विश्वास ठेवी तो कानावर. बोटाच्या पेराने टकटक करायची. खणखणीत वाजला तर पिशवीतून पैसे काढायची, भद्द वाजला तर न बोलता पुढच्या माठाकडे वळायची. ही परीक्षा आपल्याला नवी नाही. तेरच्या गोरोबाकाकांची आख्यायिका कोणाला ठाऊक नाही? संतमंडळी घरी जमली असता मुक्ताबाईने विचारले, हे थापटणे कशाचे? मडके कच्चे की पक्के ते पाहण्याचे. मग आमचीही परीक्षा घ्या. गोरोबांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणे मारले, आणि नामदेवांना राग आला तेव्हा कच्चे मडके कोणते ते ठरले. नामदेव तेव्हाही मोठे भक्त होते. दिसण्यात काही उणे असणार नाही. त्यांचा त्या वेळी कोणी फोटो काढला असता, तर तो फार सुंदर आला असता.

मी ताईजवळ सगळे कबूल केले ते याच सुमाराला. एकनाथ रंगमंदिरावरून आम्ही दोघे संध्याकाळी परत येत होतो. चालताना बोलणे सोपे जाते, कारण एकमेकांकडे पाहावे लागत नाही. मी म्हटले, "ताई, उजेड कमी नव्हता. मला चीर दिसली होती. मी कप फिरवला."

ती काही पावले गप्प चालली. मग म्हणाली, "मला ठाऊक होतं."

"कसं?"

"तुझी जुनी खोड ती. माझ्या हनुवटीवरचा डागही तूच पुसला होतास ना?"

वाचकहो, घरचे जे काम मी पुढे सांगतो म्हणालो होतो, ते हे. ताई लहानपणी चुलीशी पडली होती. हनुवटीच्या डाव्या अंगाला रुपयाएवढा भाजल्याचा डाग आहे. तिचे लग्न ठरवायचे होते तेव्हा तिचा फोटो आमच्याच स्टुडिओत काढला, आणि त्या रात्री निगेटिव्ह काचेवर ठेवून, तिच्यावरच्या मायेने, तो डाग मी ठिपका ठिपका देत नाहीसा केला. त्याहून सफाईचे काम मी त्या दोन वर्षांत केले नाही. फोटो पाहून तीन स्थळे आली. तिन्ही ठिकाणची माणसे पोहे खाऊन, तिच्या हनुवटीकडे पाहून, निरोप घेऊन गेली. एका बाईंनी तर उंबऱ्यातच म्हटले, "फोटोत नव्हतं हो हे."

"मला त्या लोकांचं काही वाटलं नाही," ताई म्हणाली. "डागाचंही नाही. मला वाटायचं, घरात माझ्या भावालासुद्धा मी अशी चालत नाही." थोड्या वेळाने ती हसली. "ह्यांच्याकडे आईनं दुसरा फोटो पाठवला होता. वाढदिवसाचा. त्यात डाग होता. ते म्हणाले, डाग माहीतच होता, मग बघायला काय आलो होतो?"

हे मला तीस वर्षांत कोणी सांगितले नव्हते.

त्यानंतर मी तिला काही बोललो नाही, आणि आजही काय बोलावे ते मला सुचत नाही. एवढेच कळले, की लपवण्याने घेणाऱ्याचे नुकसान होते ते निदान पैशात मोजता येते. करणाऱ्याचे जे होते, ते मोजायला पट्टी नाही. मध्यंतरी भाच्याने एका वाडग्याच्या फोटोतून बुडाजवळचा ठसा मोबाईलवर बोट फिरवून पुसून टाकला होता. हल्ली त्याला पेन्सिलही लागत नाही. ताई त्याच्यावर संतापली, तेव्हा मला कारण समजले नव्हते. ती म्हणत होती, "अरे, तो माझा अंगठा आहे!"

आता आमच्या खिडकीत पातळ पुन्हा लागले आहे, कागदही आहे, थर्माकोलही. पहिला फोटो मी जितका सुंदर काढता येईल तितका काढतो. सणाच्या दिवशी मुलीला आरशापुढे बसवावे तसा. दुसऱ्या फोटोत कप पालथा, बूड दिसेल असा. तिसऱ्यात आतले अंग. चौथ्यात कपाशेजारी माझी शाळेची फूटपट्टी, जिच्यावर कोणा विद्यार्थ्याने कर्कटकाने माझे टोपणनाव कोरले आहे. रेघ असेल तर ती उजेडाकडे करून पाचवा. खाली मी चार ओळी लिहितो: निळा प्रत्यक्षात किंचित गडद आहे, काठावर एक टाचणीएवढे छिद्र आहे, अंगठ्याचा ठसा मुद्दाम ठेवला आहे. कानाला चीर असलेला कप विकायचाच नाही, हे ताईने ठरवले. विक्री पूर्वीइतकी नाही. घेणारे प्रश्न फार विचारतात. नाशिकच्या आजींनी मात्र या दिवाळीला पुन्हा दोन कप मागवले, आणि "कान नीट बघा" असे मुलाकडून लिहून घेतले.

परवा, वसुबारसेच्या आदल्या दिवशी, पाठवायचे अठरा कप सतरंजीवर मांडले होते. पलीकडे बायको करंज्यांच्या कडा मुडपीत होती. माझे फोटो झाले होते. भाचा म्हणाला, "मामा, फोटोत आवाज नाही येत, पण चलचित्रात येतो की. आपण वाजवून दाखवू." कल्पना मला नाटकी वाटली, पण ताईला पटली. तिने लाकडी चमचा घेतला आणि एकेक कप डाव्या तळहातावर ठेवून, काठावर हलकेच मारीत गेली. टण्. टण्. प्रत्येकाचा सूर थोडा निराळा. बायकोनेही हात थांबवले. बाराव्याला आवाज भद्द आला.

ताईने पुन्हा मारून पाहिले. पुन्हा भद्द. तो तिने चहूबाजूंनी फिरवून पाहिला, मी भिंगातून पाहिला; चीर कुठेही दिसत नव्हती.

"ह्याचा फोटो कसा आलाय?" तिने विचारले.

मी मोबाईल पुढे केला. "सगळ्यांत चांगला."

तिने फोटो पाहिला, कप पाहिला, आणि कप माझ्या हातात दिला. "घे. खडू ठेवायला होईल तुला," ती म्हणाली आणि तेरावा उचलला.